इप्सिलँटीपर्यंत, बाबांबरोबर

बाबांना जे विचारायचं होतं ते घरात, जेवणाच्या टेबलावर विचारायची माझी हिंमत नव्हती. समोरासमोर बसलं की आम्हा दोघांचीही जीभ जड होते. म्हणून त्यांच्या परतीच्या विमानाला आठ दिवस राहिले असताना मी त्यांना नदीकाठच्या रस्त्यानं चालायला बाहेर काढलं. ॲन आर्बरहून इप्सिलँटीपर्यंत, दहाएक मैल. येताना बस. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकटे आणि मी इथे अमेरिकेत एकटी. "आता इथेच राहा," एवढंच म्हणायचं होतं.

ऑक्टोबर होता. बाबांनी कानटोपी घातली, वर मफलर गुंडाळला. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेलेली, त्यामुळे नदी दिसताक्षणी पाहणी सुरू. पहिल्याच बंधाऱ्यापाशी कठड्याला टेकून उभे राहिले ते हलेचनात.

"हे पाणी वरून सोडलंय, की आपसूकच एवढं आहे?"

"बाबा, मला नाही माहीत. असं थांबत राहिलो तर उद्या पोचू." चालताना कोणी रेंगाळलं की माझं डोकं फिरतं. "झाडांकडे बघा ना. लोक लांबून ड्राइव्ह करून पानांचे हे फॉल कलर्स बघायला येतात."

"झाडंही बघतोय की," ते म्हणाले आणि पुन्हा वाकून पाण्याकडे बघू लागले. समोरून पळत येणाऱ्या प्रत्येकाला ते हात जोडून नमस्कार करत होते. मला संकोच वाटत होता, आणि पळणारे मात्र खूश होऊन हसत होते.

दुपारी नदीकाठच्या एका बाकावर डबा उघडला. थालीपीठं आणि लोणचं. दोन खाऊन झाल्यावर मी विचारलं, "अजून एक?"

"नको."

मी डबा बंद केला. वीस वर्षांत मला ही सवय लागली आहे. इथे कोणी नको म्हटलं की विषय संपतो. आई असती तर तिनं तिसरं त्यांच्या हातात ठेवलंच असतं आणि बाबांनी "अगं, किती!" म्हणत ते संपवलं असतं.

तिथेच, पाण्याकडे बघत, मी एकदाचं बोलून टाकलं. "बाबा, तुम्ही इथेच का नाही राहत? आपण ग्रीन कार्डसाठी अप्लाय करू."

त्यांनी मफलर सारखा केला. मग म्हणाले, "नको गं. तुला तुझी कामं असतात. माझी कशाला अडचण?"

"बरं. तुम्हाला जसं कम्फर्टेबल वाटेल तसं," मी समजूतदारपणे म्हणाले.

समजूतदारपणा कसला! मला हायसं वाटलं होतं. सकाळचा माझा एकटीचा चहा, लॅबमधून वाटेल तेव्हा घरी येणं, सगळी बसलेली घडी आता मोडणार नव्हती. शिवाय विचारल्याचं पुण्यही पदरात पडलं होतं. आज हे लिहितानाही माझी मला लाज वाटते.

पुढच्या वाटेवर बाबांनी एकाही बंधाऱ्याबद्दल काही विचारलं नाही. पाय दुखत असतील असं मला वाटलं. "दमलात का?" म्हटलं, तर मान हलवून नाही म्हणाले. एका लाकडी पुलावर ते मागे राहिले. मी वळून पाहिलं तर पाण्याकडे न बघता माझ्याकडे बघत उभे होते. मी हात हलवून "चला!" म्हणून ओरडले. ते आले. बसमध्ये कानटोपी मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसले, आणि आठव्या दिवशी गेले.

मग रोजचे फोन. "काय जेवलात?" "डबा लावलाय. चांगला असतो." बाबा स्वयंपाकाचा आळस करतात म्हणून मी चिडायचे. "अहो, निदान वरण-भात तरी घरी लावत जा!" "बघू," म्हणायचे. थंडी संपता संपता ते झोपेतच गेले.

फ्लॅट आवरायला गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी आपल्या घरून चहा करून आणला. आमच्या ओट्यावर शेगडी होती, पण खाली सिलिंडर नव्हतं. मी त्याबद्दल विचारलं.

"अगं, तुझ्याकडे यायच्या आधीच त्यांनी गॅसचं कनेक्शन परत करून टाकलं," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, सहा महिन्यांत याल, राहू द्या. तर म्हणाले, लेक आता मला परत पाठवायची नाही."

मी त्यांना एकदाच विचारलं होतं, हे काकूंना सांगायचं मला धाडस झालं नाही.