कागदावरची तीन अक्षरं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला नाही, आणि पुण्यात ज्या बाईंनी मला जपानी शिकवलं त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय — कारण तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. दुसरं कारण शोधत बसले तर परत राहून जाईल.

नव्वदच्या दशकात आम्ही सिंगापूरला होतो. बिशानला फ्लॅट, नवरा जहाजांच्या इंजिनांचा माणूस, आणि मी दुभाषी. तुआसच्या कारखान्यांत जपानी साहेब आणि तिथले सुपरवायझर यांच्या मध्ये उभी राहून व्हॉल्व्ह आणि गॅस्केटचं भाषांतर करायची. माझ्या हातून एक शब्द इकडचा तिकडे होत नाही, असं तेव्हा मी फार ठसक्यात सांगायची.

अशात एका नाट्यसंस्थेनं जपानहून एका वृद्ध कवीला बोलावलं. कवी, नाटककार, सिनेमेही काढलेले. नाव सांगत नाही. आम्ही त्यांना सेन्सेई म्हणायचो, म्हणजे गुरुजी. त्या कार्यक्रमाला दुभाषी मीच, असा मी हट्ट धरला, कारण विशीत त्यांच्या कविता मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. बर्फाळ गावातल्या कोळसेवाल्याचा मुलगा; बंद पडलेल्या सार्वजनिक न्हाणीघरात नाटकं बसवणारा; पडद्यावर पाच-पाच मिनिटं नुसते म्हाताऱ्या बायकांचे हात दाखवणारा — मला सगळं पाठ होतं. त्यांच्या चरित्रात तीन-साडेतीन वर्षं तेवढी कोरी होती. ‘युद्धकाळात दक्षिणेत’, बस. दक्षिणेत म्हणजे कुठे? मी कधी शोधलं नाही. आवडत्या माणसाच्या मागे असं कुणी लागतं का?

कार्यक्रमात त्यांचा एक सिनेमा दाखवायचा होता; त्याआधी त्यांची ओळख मीच करून दिली. यांचं अक्षर इतकं भयंकर की छापखान्यातले लोक रडकुंडीला येतात, असंही सांगितलं. हॉल हसला. सेन्सेईंना इंग्रजी येत नव्हतं, पण लोक हसले म्हणून तेही हसले.

सिनेमा संपला, प्रश्न सुरू झाले. तिसऱ्या रांगेत एक चिनी आजी होती, शेजारी तिची नात. आजी नातीच्या कानाशी काही बोलली आणि नात उभी राहिली.

“अंकल, माय ग्रँडमदर आस्क, वॉर टाइम यू केम हिअर ऑर नॉट?”

मी प्रश्न जपानीत सांगितला. तेवढं नीट सांगितलं.

सेन्सेई खुर्चीतून उठले. म्हणाले — हो, आलो होतो. जपाननं हे शहर घेतलं तेव्हा वीस वर्षांचा शिपाई होतो. इथल्या चिनी पुरुषांना रांगेत उभं करून त्यातले शिकलेले वेगळे काढायचे होते. मला अक्षरांची जाण, म्हणून मला टेबलावर बसवलं. प्रत्येकानं समोर येऊन आपलं नाव लिहायचं. ज्याचं अक्षर वळणदार, तो शिकलेला. त्याला लॉरीकडे पाठवायचं. लॉऱ्या भरून समुद्राकडे जायच्या आणि रिकाम्या परत यायच्या. एकाचं अक्षर इतकं सुंदर होतं की मी दोनदा पाहिलं. आणि मग बोट लॉरीकडे केलं. त्या दिवसापासून माझा हात नीट लिहीत नाही.

असं म्हणून त्यांनी कार्यक्रमपत्रिका उलटी केली आणि मागे तीन अक्षरं लिहिली — सावकाश, एकेक रेघ ओढत. ते त्या माणसाचं नाव होतं. कागद माझ्या हातात दिला. सगळ्यांना दाखवा, म्हणाले, इथे त्याचं कुणी असेल. मग कमरेत वाकले आणि तसेच वाकून राहिले.

हॉलमध्ये दोन्ही भाषा येणारी मी एकटीच. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी — मी काय म्हणाले सांगू? युद्ध सगळ्यांनाच होरपळतं, म्हणाले. सेन्सेईंनीही त्यात आपलं तारुण्य गमावलं, म्हणाले. माणूस चार मिनिटं बोलला आणि दुभाषी अर्धं मिनिट, तर ऐकणाऱ्याला शंका येते. धंद्यातली ही अक्कल मला होती. म्हणून मी लांबवलं. त्यात पानगळ घातली, वाट पाहणारी आई घातली, शांतीची प्रार्थना घातली. आणि कागद? आठवण म्हणून मला सही दिली, असं हसून सांगितलं आणि घडी घालून पर्समध्ये टाकला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून सेन्सेई सरळ झाले. ते रडत होते.

आजीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. जाताना दोघी माझ्यापाशी थांबल्या. “आंटी,” नात म्हणाली, “माय ग्रँडमदर से, ही टॉक सो लाँग, ओन्ली लाइक दॅट आ?”

हो, म्हटलं, एवढंच.

कुणी मला दम दिला होता का? नाही. नवऱ्याची नोकरी, आमचे तिथे राहण्याचे पास — कशालाही धक्का लागणार नव्हता. लोक म्हाताऱ्याच्या अंगावर धावून गेले असते, अशी समजूत मी पुढे बरीच वर्षं घालून पाहिली स्वतःची. खोटं आहे ते. वहीत उतरवलेल्या कविता मला होत्या तशाच हव्या होत्या. त्यांना कबूल करायचं होतं, आणि मला ते ऐकलेलं नको होतं. मी भ्याले, तेही स्वतःच्याच वहीसाठी.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, कसं झालं? छान झालं, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर सेन्सेईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. पन्नास वर्षं जे बोलता आलं नाही, ते तुम्ही माझ्यासाठी बोललात, म्हणाले. यावर जपानीत नम्रपणे जे म्हणायचं असतं, ते मी म्हटलं.

पुढच्या नववर्षाला त्यांचं शुभेच्छापत्र आलं. मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, कारण ते कुणा दुसऱ्यानं लिहिलंय असं वाटलं. स्वच्छ, वळणदार, सुंदर अक्षर. त्यांचंच होतं. ते हयात होते तोवर दर वर्षी तसंच पत्र येत राहिलं, आणि दर वर्षी मी उत्तर पाठवलं. त्यांच्यावर नंतर जे लेख आले, त्यांत ती वर्षं अजून कोरीच आहेत.

कागद माझ्याकडे आहे. आमच्याबरोबर पुण्याला आला, जुन्या पासपोर्टांच्या फायलीत असतो. ती तीन चिनी अक्षरं मला वाचता येतात, पण जपानी लोक वाचतात तशी; अक्षर दोन्हीकडे तेच, उच्चार वेगळा. त्या माणसाला त्याच्या घरचे काय म्हणून हाक मारत, मला माहीत नाही. आजीनं कदाचित वाचून दाखवलं असतं. ती माझ्यासमोर उभी होती, आणि कागद पर्समध्ये होता.