यज्ञेश्वरकाकांची मोटर आणि एक निंबू

तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या यज्ञेश्वरकाकांनी चाळीस वर्षांत स्कूटर कधी तीसच्या वर नेली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी रिमोटवर पळणारी रेसची कार घेतली. तिला ब्रशलेस मोटर हवी होती. मी म्हटलं, "काका, साडेएकवीस वेढ्यांची घ्या. तारेचे वेढे जितके जास्त, तितकी मोटर शांत अन् संथ." त्यांनी ऐकलं. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं.

मग इंदूकाकू पूजेचं ताट घेऊन आल्या. नवी गाडी म्हटली की चाकाखाली निंबू चिरडलंच पाहिजे, मग गाडी चपलेएवढी का असेना. काकांनी रिमोट दाबला. गाडी निंबूला टेकली आणि घरघरत तिथेच थांबली.

"निंबू फुटत नाही, अन् म्हणे रेस करून राहिले!" काकू म्हणाल्या.

काका पेटले. त्यांनी साडेचार वेढ्यांची, सगळ्यांत तापट मोटर मागवली.

"काहून, काका?" मी कपाळ बडवलं.

"मले निंबू फोडायचं आहे."

रविवारी पुन्हा पूजा झाली. या वेळी गाडी सुसाट निंबूवर चढली, उडाली आणि कुंपणापलीकडे गेली. तिथे अंगणात शेजारच्या सोनियादीदींकडचे पाहुणे जेवत होते. गाडी थेट वरणाने भरलेल्या गंजात पडली.

निंबू साबूत होतं. काकूंनी ते पुसून काकांच्या हातात दिलं.

"माफी मागायला रिकाम्या हातानं जाऊ नका. वरणावर पिळतील."