पायाकडची दोरी

नेटा काउईने स्कॉटलंडमधल्या बकीच्या बंदरावर चाळीस वर्षं मासे चिरले. आतडी, रक्त, खवले, कशाचीच तिला कधी घाण वाटली नाही. घाण वाटायची ती माणसांची, आणि स्वातंत्र्याच्या सार्वमतानंतर तर जास्तच.

दोन हजार चौदा साली तिच्या नवऱ्याने, डॉडने, खिडकीत ‘हो’ची निळी पाटी लावली. दुसऱ्याच दिवशी समोरच्या घरात तिच्या धाकट्या भावाने, हेक्टरने, ‘नको’ची लावली. जन्मभर एकाच होडीवर जाळी ओढलेले हे दोघे! डॉड त्याला ‘लंडनचा पाळीव कुत्रा’ म्हणाला. ‘तुझ्या मेंदूला मीठ लागलंय’ असं हेक्टर म्हणाला. स्कॉटलंड काही स्वतंत्र झालं नाही, हे दोघे मात्र एकमेकांपासून झाले. तेव्हापासून दर शनिवारी नेटा धुरावलेल्या हॅडक माशाचं सूप दोन पातेल्यांत करायची आणि एक पातेलं रस्ता ओलांडून भावाकडे न्यायची. मूर्खपणा त्यांचा आणि गुडघे दुखायचे हिचे.

मरायच्या आदल्या दिवशी डॉड म्हणाला, "पायाकडची दोरी हेक्टरला दे. दुसऱ्या कुणाला नको."

बकीत शवपेटी दोऱ्यांनी खाली सोडतात, आणि कुठली दोरी कुणी धरायची ते घरचे आधीच ठरवतात. डोक्याकडची थोरल्या मुलाची, पायाकडची सगळ्यात जवळच्या माणसाची. जुन्या घरांतल्या बायका दोरी धरत नाहीत, मागे उभ्या राहतात. नेटा हा निरोप सांगायला गेली तेव्हा हेक्टरचे डोळे भरून आले. "येतो," एवढंच तो म्हणाला.

मग उगवला फार्कर इमलाख, गावातला ‘हो’वाल्यांचा पुढारी. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात. दोन वाडगे सूप रिचवून त्याने भाषण सुरू केलं.

"मिसेस काउई, डॉड म्हणजे आमच्या लढ्याचा खांब. पेटीवर आपला झेंडा हवाच. तीनशे वर्षांचं हे लंडनचं जोखड..."

"तीनशे वर्षांचं राहू द्या, तो वाडगा तेवढा धुवा," नेटा म्हणाली. "झेंडाबिंडा काही नको."

तरी कबरीपाशी पोचेपर्यंत त्याने प्रचाराचा निळा झेंडा पेटीवर पसरलाच होता. शिवाय फोटो काढायला माणूस. आणि हेक्टर? तो दफनभूमीच्या भिंतीला पाठ टेकून उभा.

"त्या फडक्याखालची दोरी मी धरणार नाही," तो म्हणाला.

नेटाने झेंडा ओढला, बोळा केला आणि इमलाखच्या छातीशी कोंबला.

"अहो, हा चळवळीचा..."

"हा माझा नवरा आहे."

हेक्टर आला. त्याने पायाकडची दोरी हातात घेतली, आणि नेटाला वाटलं, सुटलो एकदाचे. डॉडचा शब्द राहिला. तेवढ्यात हेक्टर इमलाखकडे झुकून हसला.

"काय हो, ह्याही खेपेला हरलात ना?"

नेटाला त्याची घाण वाटली. सडक्या माशाची कधी वाटली नव्हती तशी.

"दे इकडे."

"काय?"

"दोरी. दे."

"अगं नेटा, गंमत केली! आणि बायका कुठे..."

"दे म्हणते ना!"

त्याने दिली. पाद्रीबाबांनी नजर पुस्तकात घातली. पेटी खाली जाऊ लागली, दोरी तळव्याला काचत होती.

"माफ कर, डॉड," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी आणला होता रे त्याला. तो तुझ्यासाठी आलाच नव्हता."

शनिवारी तिने एकाच पातेल्यात सूप केलं. समोरच्या खिडकीत हेक्टर वाट बघत उभा होता. तिने पडदा ओढून घेतला.