उमेदवारांना दगड पाठवणारे व्यंकोजीराव

व्यंकोजीराव स्वतःच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसत. देवराज मोहल्ल्यात एका शिंप्याच्या दुकानावर माडी होती. तिथं रविवारी सकाळी आमच्या युनियनचा वर्ग भरायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फळ्याजवळ कुणीच नव्हतं. मागं एक टक्कल पडलेला माणूस बसला होता, त्याच्याशेजारी टेकलो आणि मास्तर कधी येणार म्हणून विचारलं. तो म्हणाला, "आले की. आत्ता तुम्हीच आलात ना."

तेच व्यंकोजीराव. हेब्बाळच्या आमच्या कारखान्यात ते टूलरूममध्ये, मी पत्रा कापायच्या प्रेसवर. आम्हा दोघांचे पूर्वज या कानडी मुलखातल्या महाराजांच्या फौजेतले, दोघांच्या घरी मराठी, तरी इतक्या वर्षांत ओळख झाली नव्हती. मी कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकलो. त्याची मला लाज नाही. प्रेसवर जन्म गेला तरी दहाची दहा बोटं शाबूत आहेत, हे किती शिकलेले सांगू शकतील? पण वर्ग म्हटला की पाटी आली, आणि पन्नाशी उलटल्यावर पाटी धरणाऱ्यातला मी नव्हे. या वर्गात लिहायचं नसतं असं कळलं, म्हणून गेलो.

कारखान्याचे मालक जर्मनीतले. तिथल्या कामगारांच्या युनियननं इथला एक माणूस तीन आठवड्यांसाठी बोलावला होता, कामगारांना कसं शिकवायचं ते शिकायला. व्यंकोजीराव गेले, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिथं निवडणूक होती. परत आल्यावर सगळे बर्फाचं विचारत. हे सांगत, तिथं कामगाराला शिकायला पगारी रजा मिळते. मास्तर फळ्याजवळ उभा राहत नाही, सगळ्यांत बसतो. आणि कुणी लगेच मान हलवली की तिथला मास्तर काळजीत पडतो. ही काळजी त्यांनी बरोबर आणली होती. आपण "हो, बरोबर" म्हटलं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "सुम्मने हो म्हणू नका." सुम्मने म्हणजे उगाच. "हो का म्हणता, ते सांगा. नाही तर नाही म्हणा."

मी दोन वर्षं गेलो. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. बसून राहिलो.

एकदाच बोललो, तेही फसलो. ते सांगत होते की निवडणूक आली की तिथली युनियन सगळ्या पक्षांना ओरेगल्लु पाठवते. ओरेगल्लु म्हणजे सोनाराचा कसोटीचा दगड. आम्ही मराठी बोलतो खरे, पण असले शब्द तोंडात कानडीच येतात. मला त्यातला कल्लु, म्हणजे दगड, तेवढा ऐकू आला. मी विचारलं, "पाठवतात की मारतात?" माडी हसली. व्यंकोजीराव हसले नाहीत. आम्हा सगळ्यांना खाली उतरवून शेजारच्या गल्लीत सोनाराकडे नेलं, माझी अंगठी काढायला लावली आणि त्याच्या काळ्या दगडावर घासून घेतली. म्हणाले, "ही रेघ बघा. तिथली युनियन प्रश्न लिहून पाठवते. कंत्राटी माणूस कायम कधी करणार, म्हातारपणी काय देणार. पक्ष उत्तर देतात, त्यांची रेघ उमटते. ती छापून कामगारांना वाटतात. फुली कुठं मारायची ते मात्र सांगत नाहीत." अंगठी अस्सल निघाली, हेही इथं सांगून ठेवतो.

पुढं आपल्याकडे विधानसभेची निवडणूक आली आणि आमच्या युनियनचे अध्यक्षच उभे राहिले. कारखान्याची सगळी मतं आपल्या खिशात, असं त्यांनी पक्षाला सांगून ठेवलं होतं. व्यंकोजीरावांनी ठराव आणला. सगळ्या उमेदवारांना प्रश्न पाठवायचे, अध्यक्षांनासुद्धा. आणि या ठरावावर मतं हात वर करून नाहीत, चिठ्ठीवर घ्यायची. चिठ्ठी असती तर ठराव पास झाला असता. हे त्यांना माहीत होतं, अध्यक्षांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

सभेच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी मला कँटीनमागं बोलावलं. माझे जावई कारखान्यात कंत्राटावर होते, सात वर्षं. कायम करायच्या माणसांची यादी अध्यक्षांच्या हातून वर जायची. त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. फक्त विचारलं, "जावई बरे आहेत ना, येसोजीराव?" मग म्हणाले, "चिठ्ठीमुळं तुमच्यासारख्या न शिकलेल्या वडीलधाऱ्यांचा अपमान होतो, मला तो सहन होत नाही. उद्या एवढंच सांगा, की आम्ही काही चोर नाही चिठ्ठीत लपायला."

मला त्यांचा डाव कळत होता. तरी अपमान हा शब्द कुठंतरी लागला, खोटं कशाला बोलू. रात्रभर स्वतःला समजावलं की हे आपलंच मत आहे. पटलं नाही.

सभेत मी उठलो. कधी न बोलणारा माणूस, आणि व्यंकोजीरावांच्या वर्गातला. सगळ्यांच्या माना वळल्या. मी म्हणालो, "आम्ही काही चोर नाही चिठ्ठीत लपायला." टाळ्या पडल्या. हात वर करून मतं घेतली. अध्यक्ष एकेका रांगेकडे बघत होते. ठरावाच्या बाजूनं चार हात वर आले. माझा मांडीवर होता.

महिन्याभरात माडीला कुलूप लागलं. जावई कायम झाले. घरात पेढे आले, नातवंडांनी मला भरवले. तेव्हापासून घरात तोंड उघडायची सोय राहिली नाही. काय सांगणार, आणि कुणाला? व्यंकोजीराव रिटायर होऊन एच. डी. कोट्याला लेकीकडे राहायला गेले. मी निरोपालाही गेलो नाही.

ते आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मात्र बस धरली. ठरवून गेलो होतो, आज सांगून टाकायचं. ते उशीला टेकून बसले होते, हाडं उरली होती. मला बघून वहिनींना हाक मारली. "अगो, हे आले बघ. हेच ते येसोजीराव." आणि माझा हात धरून त्यांना सांगू लागले, "त्या दिवशी सगळ्यांनी भिऊन हात खाली ठेवले. हा एकटा उभा राहून माझ्या तोंडावर नाही म्हणाला, आणि का ते पण सांगितलं. दोन वर्षं माझ्या वर्गात गप्प बसलेला माणूस. आता सांग, वर्ग वाया गेला काय?"

वहिनी माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी तोंड उघडलं. व्यंकोजीरावांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटलं. ते सुम्मने हो झालं, आयुष्यातलं सगळ्यांत मोठं. वहिनींनी कॉफी दिली, ती प्यालो आणि संध्याकाळच्या बसनं परत आलो.

पंधरा दिवसांनी ते गेले. तेराव्याला वहिनी म्हणाल्या, "ते नेहमी सांगायचे, ती त्या सभेची गोष्ट तुम्ही आज चार माणसांत सांगा, भावजी." मी उभा राहिलो आणि व्यंकोजीरावांनी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द, सांगितलं. जन्मात दोनदा सभेत बोललो. पहिल्यांदा अध्यक्षांचं बोललो, दुसऱ्यांदा व्यंकोजीरावांचं.