भिकनचा सूर आणि बारकूचं अर्थिंग

भिकन अहिरेला मी पहिल्यांदा हसलो ते एक्याऐंशी साली, आणि शेवटचं हसलो सत्त्याऐंशीच्या चौदा एप्रिलला. मधल्या सहा वर्षांत किती वेळा हसलो त्याला गणती नाही. मी जयराम पगारे, शाळामास्तर, आणि सातपूरला आमच्या कॉलनीच्या जयंती मंडळाचा सेक्रेटरी. मास्तर आणि सेक्रेटरी या दोन्ही जागा एकाच माणसाला दिल्या की तो स्वतःला विनोदी समजू लागतो. माझंही तेच झालं होतं. कुणी काही नवं केलं की उचलली जीभ, लावली टाळ्याला.

भिकन मूळचा सटाण्याकडचा. कारखान्यात फिटर होता आणि आमच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचा. बोलायचा इतका हळू की दूधवाल्यालाही 'किती?' म्हणून दोनदा विचारावं लागे. पण पेटीवर बसला की पार्टी त्याच्या जिवावर चालायची. गायक मंगळू वरच्या पट्टीत शिरला आणि परत यायची वाट विसरला, तर त्याला हात धरून खाली आणणारा भिकनच. अशा माणसाला आपण हसतो कशाला? कारण तो उलट उत्तर देत नाही म्हणून. दुसरं काही नाही.

एक्याऐंशी साली त्याच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला एक जर्मन साहेब आला. तीन महिने भिकन त्याच्या हाताखाली होता. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे दोघांचं छान जमलं. जाताना साहेबाने त्याला एक कॅसेट दिली. त्या रविवारी भिकनने आम्हा चार-पाच जणांना चहाला बोलावलं आणि ती लावली.

आम्ही चहा प्यालो. पोहे खाल्ले. कॅसेटमधून एक लांबलचक सूर येत होता. तबला नाही, ढोलकी नाही, गाणारा नाही, गाणारी नाही. एक सूर यायचा, त्याच्या पाठीमागून दुसरा हळूच यायचा, दोघे थोडा वेळ सोबत राहायचे आणि पहिला निघून जायचा. भिकन डोळे मिटून बसला होता. आम्ही गाणं सुरू व्हायची वाट बघत होतो. पंधरा मिनिटांनी त्याची बायको सुलाबाई आतून पदराला हात पुसत आली.

"हाई गानं शे का पंखा शे?" तिने अहिराणीत विचारलं.

आम्ही एवढे हसलो की मंगळूच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. भिकनही हसला थोडा, पण कॅसेट बंद केली नाही.

पुढे एकदा बसस्टॉपवर मी त्याला विचारलंच, "त्यात आहे काय एवढं?"

बस आली, तो तिकीट काढून माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला, "गुरुजी, आपली सगळी गाणी काहीतरी सांगतात. उठा, चला, लढा, नाहीतर रडा. चांगलं सांगतात, नाही म्हणत नाही. पण दिवसभर साहेब सांगतो, घरी घर सांगतं. हे गाणं काहीच सांगत नाही. नुसतं बसू देतं." पुढे म्हणाला, "गावाला विहिरीवर इंजिन चालायचं. लांबून आवाज यायचा. आई शेतात असायची. इंजिन चालू आहे तोवर आई पाणी भरतेय, सगळं ठीक आहे. तसं वाटतं."

एवढं बोलणं त्याने वर्षभरात केलं नसेल. आणि मी काय म्हणालो? "म्हणजे झोप येते म्हण की सरळ!" बसमधल्या चार लोकांनी ऐकावं अशा आवाजात म्हणालो. गाढवाला गुळाची चव काय, हे मला वर्गात शिकवता येत होतं, एवढंच.

त्र्याऐंशीत गोदीतल्या मेहुण्याने त्याला कॅसिओ वापरायला दिला. हातभर लांबीची ती पेटी, तिला भाता नाही, दोन्ही हात मोकळे. पण भिकनला दोन हातसुद्धा जास्त वाटले असावेत. तो एसटीच्या तिकिटाची घडी करून एका पट्टीच्या फटीत खोचायचा. पट्टी दबलेली राहायची, सूर चालूच राहायचा. मग तो हाताची घडी घालून ऐकत बसायचा. बऱ्याच वेळाने एका बोटाने दुसरी पट्टी दाबायचा, पुन्हा हाताची घडी. कॉलनीतली माणसं खिडकीशी येऊन बघायची. पेटीवाला गप्प बसलाय आणि पेटी वाजतेय, असला तमाशा फुकटात कुठे मिळतो? मी त्याला 'भिकनची गिरणी' नाव दिलं. रस्त्यात भेटला की विचारायचं, "दळण कधी न्यायला येऊ?" नाव कॉलनीभर झालं. माझी दुसरी कुठलीच कामगिरी इतकी गाजली नाही.

चौऱ्याऐंशीत तो माझ्याकडे आला. त्याने स्वतःची एक चाल बांधली होती, पाच मिनिटांची. जयंतीच्या स्टेजवर वाजवायची होती. "आणि गुरुजी," तो म्हणाला, "आधी माझं नाव पुकारा. भिकन अहिरे यांची स्वतःची चाल, असं. लोकांना कळलं पाहिजे की हे मुद्दाम वाजवलंय."

त्याची मागणी एवढीच होती. मी पुढच्या वर्षीचा वायदा केला. पंच्याऐंशीत म्हणालो, यंदा कार्यक्रम भरगच्च आहे. शहाऐंशीत म्हणालो, पाहुणे मोठे आहेत. तो दर वर्षी मान हलवायचा, पेटी वाजवायचा, घरी जायचा.

सत्त्याऐंशीत पाहुणे आणखी मोठे होते, म्हणजे आणखी उशिरा येणार हे ठरलेलं. वेळ पाचची होती. साडेसहा झाले. मंगळूची सगळी गाणी संपली, मग घसा संपला. मी दोनदा भाषण केलं. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा बायाबापड्या चपला शोधायला लागल्या. मी घाबरलो. भिकनला म्हणालो, "तुझं ते आण. पाहुणा येईपर्यंत वाजव."

तो धावत गेला आणि कॅसिओ छातीशी धरून आला. बारकू साउंडवाला तेव्हा बाहेर रस्त्यावर पाहुण्यासाठी कर्णा बांधत होता, म्हणून भिकनने कॅसिओची वायर स्वतःच साउंडच्या मशीनला जोडली. स्टेजच्या कडेला, पेटीच्या मागे कॅसिओ मांडीवर घेऊन बसला. तिकीट खोचलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "नाव पुकारता ना?"

"हो हो," मी म्हणालो.

माइक माझ्या हातात होता. पण मला लाज वाटली. नेमका तेव्हाच पाहुणा आला तर म्हणेल, या सेक्रेटरीने हे काय लावलंय! नाव पुकारलं नाही की जबाबदारी नाही. मी घसा खाकरला, "शांतता राखा" म्हणालो, आणि गप्प बसलो.

सूर सुरू झाला. सगळ्या कर्ण्यांतून तो मैदानावर पसरला. ऊन डोंगरामागे गेलं होतं. चपला शोधणाऱ्या बाया होत्या तिथे बसल्या. पोरांची ढकलाढकली थांबली. दुसरा सूर आला, मग तिसरा, थोडा वरचा. खरं सांगतो, दोन मिनिटं मलाही फार बरं वाटलं. दीड-दोन तास पाहुण्याच्या नावाने छाती धडधडत होती, ती शांत झाली.

तेवढ्यात बारकू धावत आला. "हमिंग!" तो ओरडला. "मशीनने हमिंग धरली!"

बारकू धंद्याला पक्का माणूस. मशीन असं गुणगुणायला लागलं की अर्थिंग गेलं, हे त्याला ठाऊक. त्याने स्वयंपाकाच्या मांडवातून मूठभर मीठ आणलं, स्टेजमागे गाडलेल्या लोखंडी सळईवर टाकलं आणि वर घागरभर पाणी ओतलं. फरक पडेना. त्याने बटणं फिरवली, माइक बदलला, मशीनला दोन चापट्या मारल्या. बघणाऱ्यांना हे गाण्यापेक्षा आवडलं. जो तो त्याला सल्ला द्यायला लागला. भिकन खाली मान घालून वाजवत होता. पाच मिनिटं पुरी करायची एवढंच त्याच्या डोक्यात असावं.

पहिल्या रांगेतून सुलाबाई उठली. "आरे भाऊ, ते गानं शे!" ती ओरडली. "मना मालकनं गानं शे ते!"

अख्खं मैदान हसलं. तिने माझ्याकडे बघितलं. माइक अजून माझ्याच हातात होता. एक वाक्य पुरलं असतं. आणि मी लोकांबरोबर हसलो.

बारकूला शेवटी एक परकी वायर सापडली. त्याने ती उपटली. आवाज बंद झाला आणि मैदानभर टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांनी बारकूला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. पाचेक मिनिटांत पाहुणे आले. भिकनने कॅसिओ फडक्यात गुंडाळला, पेटी पुढे ओढली आणि स्वागतगीताचा सूर दिला, नेहमीसारखा बिनचूक. त्याबद्दल मला तो त्या दिवशी एक शब्द बोलला नाही, नंतरही नाही. बोलला असता तर मी काहीतरी विनोद केला असता. रागावला नाही म्हणून मला वर्षभर त्याच्या दारावरून जाताना चोरासारखं वाटत राहिलं.

अठ्ठ्याऐंशीच्या जयंतीला सकाळी मैदानात गेलो. बारकू शिडीवर चढून कर्णा बांधत होता आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होता. मी ओळखलं. माझ्या हातातला हार तसाच राहिला.

"काय रे गातोस?"

"हे होय?" बारकू हसला. "गुरुजी, गेल्या साली मशीनने हमिंग धरलेली, आठवते? तसली हमिंग पुन्हा कुठल्या मशीनला नाही आली. पण डोक्यातून जाईना बघा. कामाला लागलो की तोंडात येते. बायको विचारते, कुठलं गाणं हे?" आणि त्याने पुन्हा सुरुवात केली.

"तिसऱ्यांदा वर जातो सूर," मागून कुणीतरी म्हणालं. "तू खालीच ठेवतोस, बारकू."

भिकन पेटी घेऊन उभा होता. बारकूने शिडीवरून खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "हमिंगला कुठे सूर..." तो म्हणाला आणि अर्ध्यातच थांबला.

मी माइक उचलला आणि चालू केला. "हॅलो. गेल्या वर्षी या मैदानात हमिंग झाली नव्हती. ती भिकन अहिरे यांची स्वतःची चाल होती. नाव पुकारायचं मी मुद्दाम टाळलं. चूक माझी. यंदा ते ती पुन्हा वाजवतील." घराघरांतून माणसं दारात आली. सुलाबाई ओट्यावर आली.

भिकनने पेटी खाली ठेवली. माझ्या अगदी जवळ येऊन, नेहमीच्या हळू आवाजात तो म्हणाला, "आता नाही वाजवणार गुरुजी. पावसाळ्यातच कॅसिओ मेहुण्याला परत दिला. आणि चाल मी विसरत चाललोय."

माइक चालूच होता. एरवी दूधवाल्याला दोनदा विचारावं लागायचं. त्याचं हे बोलणं मात्र सगळ्या कॉलनीला एकदाच ऐकून कळलं.