हाताने धरून नेलेली सायकल

सकूनबाईचा फोन आला तेव्हा मी गोंदियाजवळ फुलचूरच्या घरी कुंड्यांना पाणी घालत होतो. "गुरुजी, सुखरामदादा गेले जी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "सकारपासून दार उघडलं नाई म्हनून आमी आत गेलो..." सकूनबाईचं घर सुखरामच्या भिंतीला लागून. त्याचं स्वतःचं असं कोणी उरलं नव्हतं. बायको वच्छला आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. मी गावी पोचलो तेव्हा अंगणात पाच-सहा माणसं होती. प्रत्येकाने मला तेच सांगितलं, "गुरुजी, तुमीच त्याले पेन्शन लावून देल्ली." मी मान हलवत राहिलो. त्याला सव्वा महिना झाला. जे तेव्हा बोललो नाही ते आता लिहितो आहे.

सुखराम आणि मी एका वर्गातले. तो सातवीनंतर शाळा सोडून गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये हमाली करू लागला, मी मास्तर झालो. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच सुमारास तो धानाचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून घसरला. कमरेचं हाड मोडलं, आणि जुळलं तेही वाकडं. मिलच्या मालकाने दवाखान्याचा खर्च केला आणि निरोप दिला. सुखराम एक सायकल घेऊन गावी परतला. ती सायकल चालवताना त्याला कोणी पाहिलं नाही. बाजारात, शेतावर, देवळापाशी, कुठेही जायचं तर तो हँडल धरून तिच्या बाजूने हळूहळू, अगदी सरळ चालायचा. कोणी म्हणालं, "बसून जा न बावा," तर म्हणायचा, "तिले कायले थकवू?" लोक हसायचे. पायात थोडा दोष आहे एवढंच गावाला ठाऊक होतं.

पण दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागल्या की सुखराम वेगळा माणूस व्हायचा. आमच्याकडे गावोगावच्या मंडईत भरदुपारी दंडार, म्हणजे नाचगाण्याचं आणि सोंगांचं लोकनाट्य, नाचते, आणि आमच्या दंडारीचा सोंगाड्या सुखराम होता. त्याचं लंगड्या पाटलाचं सोंग पाहायला पंचक्रोशीतून माणसं येत. तो रिंगणात शिरायचा तोच कंबर एका बाजूला फेकत, दर पावलाला मुंडी हलवत, पाय ओढत. त्या ठेक्यावर ढोलकीवाला ढोलकी वाजवायचा आणि बाया पदर तोंडात धरून हसायच्या. एकदा मंडईहून परतताना मी त्याला म्हटलं, "इतकं लंगडून तुझं दुखत नाही का?" तो सायकल धरून उभा राहिला. म्हणाला, "येड्या, सालभर दुखते. तितंच तेवढं दुखत नाई. पाय जसा म्हनते तसा जाऊ देतो मी त्याले." मग बोट उगारून, "कोनाले सांगजो नको. सोंग हाय म्हनून हासतेत लोक."

वच्छला गेल्यावर घरात कमावणारं कोणी उरलं नाही. मी त्याला निराधार योजनेच्या पेन्शनसाठी अर्ज करायला लावलं. गोंदियाच्या दवाखान्यातून अपंगत्वाचं प्रमाणपत्रही मिळालं. तरी तालुक्याच्या समितीने अर्ज नामंजूर केला. गावच्या चौकशीत कोणीतरी लिहून दिलं होतं की अर्जदार दंडारीत नाचतो, लंगडण्याचं सोंग करतो, डॉक्टरांपुढेही तेच केलं असणार. मी अपील केलं. सुनावणीच्या सकाळी एसटीत त्याने मला दोनदा बजावलं, "दंडारीचं काई बोलू नको साहेबाले. कागद दाखव, बस. नाई झालं त नाई झालं."

कचेरीच्या वऱ्हांड्यात आमच्यासारखेच बरेच बसले होते. एक म्हातारी मला समजावत होती, "पयला साहेब होता त सारे पास होत. हा आला तवापासून सारे वापस. तिकडच्या तालुक्यात आताबी होऊन राहिले म्हनते." राज्य एक, नियम एक, पण तोच डोळा आणि तोच पाय एका टेबलापुढे मंजूर होतो आणि दुसऱ्या टेबलापुढे नामंजूर. मी पिशवीतले कागद पुन्हा चाळू लागलो. सुखराम मात्र म्हातारीला म्हणाला, "मंग काय माय, पाय इथं ठेवून टेबल बदलून आनाव का?" वऱ्हांडा हसला.

साहेब वाईट माणूस नव्हते. कागद बघून म्हणाले, "गुरुजी, याला मी स्वतः मंडईत पाहिलंय. पोट दुखेपर्यंत हसलोय. आता मी काय समजायचं?"

मी गप्प राहायला हवं होतं. प्रमाणपत्र पुढे सरकवून, डॉक्टरांवर विश्वास ठेवा एवढंच म्हणायला हवं होतं. पण वऱ्हांड्यातलं 'सारे वापस' माझ्या कानात होतं. मी म्हटलं, "साहेब, त्याला चालायला सांगा. दंडारीत चालतो तसं, आणि रोज चालतो तसं. दोन्ही बघा." सुखरामने माझ्याकडे पाहिलं... ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही.

तो उठला. टेबलापासून दारापर्यंत लंगड्या पाटलासारखा गेला. कंबर फेकत, मुंडी हलवत. ढोलकी नव्हती, फक्त फरशीवर चप्पल घासल्याचा आवाज होता. कोपऱ्यातला बाबू फिसकन हसला आणि लगेच थांबला. मग रोजची चाल. सायकल गावीच होती. त्याने भिंतीला हात लावला, दात आवळले आणि सरळ चालू लागला. अर्ध्या वाटेतच त्याचा सदरा पाठीला चिकटला. साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "ते पहिलं सोंग होतं ना?"

"पयली चाल खरी हाय साहेब," सुखराम म्हणाला. "हे सोंग हाय."

पेन्शन मंजूर झाली. परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत होता. मी खुशीत काहीतरी बोललो तेव्हा एवढंच म्हणाला, "पेढे घे मास्तर, तुले आवडते."

इथवर असतं तरी मी स्वतःला समजावलं असतं, की त्याच्या पोटाचा प्रश्न होता. पण मी ती गोष्ट सांगत सुटलो. शाळेत सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, आमगावच्या सोयऱ्यांना सांगितली. ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे आणि मला बरं वाटायचं. पुढच्या मंडईच्या आधी ती गोष्ट गावोगाव पोचली होती. सुखराम नेहमीसारखा रंग लावून रिंगणात शिरला, कंबर फेकली, आणि कोणीच हसलं नाही. ढोलकीवाल्याचा हात सैल पडला. मागून कोणीतरी "बिच्चारा" म्हणालं. एका बाईने शेजारच्या दुकानातून खुर्ची आणून रिंगणात ठेवली. "बसा जी दादा," ती म्हणाली. तो त्या खुर्चीवर बसला. तोंडावरचा रंग तसाच घेऊन दंडार संपेपर्यंत बसून राहिला.

त्यानंतर तो मंडईत गेला नाही. दर मंडईला मी गावी जायचो, त्याच्या अंगणात खाटेवर बसायचो. लांबून ढोलकी ऐकू यायची आणि आम्ही धानाच्या भावाबद्दल बोलायचो. त्याने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर मला उत्तर देता आलं असतं. गेल्या मंडईला मी म्हटलं, "चल ना, नुसतं बघून येऊ." तो म्हणाला, "कायले? लोक मंडईत रडाले येतीन का माह्यापायी?" आणि हसला. एकटाच हसला. माफी मागायची म्हणून मी गेलो होतो. चहा पिऊन परत आलो. आणि आज तीच गोष्ट पुन्हा सांगतो आहे, या वेळी छापून... हे मला दिसत नाही असं नाही.

परवा सकूनबाईने ती सायकल मला देऊन टाकली. "तुमचीच हाय आता, गुरुजी." घर रिकामं करायचं होतं. गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत मी ती हाताने धरून नेली, तो चालायचा तशी, डाव्या बाजूने. सीटवरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात फाटलेलं, पण अजून चकचकीत. पायडलची रबरं नवीकोरी. फक्त हँडलची डावी मूठ झिजून आतलं लोखंड दिसत होतं, आणि त्या जागी बोटं ठेवली की आपोआप सगळं अंग तिच्यावर रेलायचं. वाटेत समोरून येणाऱ्या एका माणसाने हसून विचारलं, "काऊन गुरुजी, बसून नाई जात?"

'तिले कायले थकवू?' हे सुखरामचं उत्तर मला आठवलं होतं. पण ते माझ्या तोंडून निघालं नाही.