जोड जुळली तर घर

तिबेटातल्या पुरंगमध्ये पेल्झोमला वेडी म्हणायला कुणी फार विचार करत नसे. बाजाराच्या टोकाला, मापचा नदीच्या वरच्या कडेला चार भिंती होत्या. छप्पर नाही, दार नाही. खिंडीपलीकडच्या, हिंदुस्थानातल्या गर्ब्यांगचे शौका व्यापारी पूर्वी उन्हाळ्यात आले की असल्या भिंतींवर तंबूचं कापड ताणून संसार थाटत आणि जवाची कापणी झाली की कापड गुंडाळून परत जात. मग दोन देशांत युद्ध झालं, खिंड बंद झाली आणि माणसं यायची थांबली. इतरांच्या भिंती लोकांनी केव्हाच पाडून मेंढ्यांच्या कोंडवाड्यांना लावल्या. या चार तेवढ्या उभ्या राहिल्या, कारण दर वर्षी बर्फ वितळलं की पेल्झोम चिखल तुडवून त्या लिंपत असे. एक नाही, दोन नाही, तब्बल तीस वर्षं.

"अगं, स्वतःच्या घराचे पोपडे निघालेत," शेजारची सांगमो म्हणायची, "आणि तू वाऱ्याला घर बांधून देतेस."

"वारा बरा भाडेकरू आहे. तुझ्यासारखी बडबड तरी करत नाही."

सांगमोला कारण ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नव्हतं? पेल्झोमचा जन्म झाला आणि तिची आई गेली. ऐन बाजाराचे दिवस. बाप धोन्यो तान्ह्या पोरीला मेंढीच्या कातड्यात गुंडाळून दारोदार फिरत होता. तेव्हा याच भिंतींच्या आत खिमुली नावाची शौका बाई महिन्याभराच्या मुलाला पाजत बसली होती. तिनं काही विचारलं नाही. हात पुढे केले. एकीकडे आपला धनसिंग, दुसरीकडे ही. कापणीपर्यंत दोघं त्या एका मांडीवर वाढली.

पुढे खिमुली दर उन्हाळ्यात यायची आणि पेल्झोमच्या वेण्या घालायची, उवा काढायची, पाठीत धपाटेही घालायची. घरच्या माणसाचे आभार कोण मानतं? चोवीस वर्षं पेल्झोमला ते सुचलंच नाही. मग ती शेवटची कापणी आली. खेचरं लादून झाली, खिमुली दारात येऊन हाक मारत होती, आणि पेल्झोमचे हात कोपरापर्यंत लाल रंगात, लोकर रंगवण्यात. "हो हो, पुढच्या वर्षी बोलू," ती आतूनच ओरडली. पुढचं वर्ष आलंच नाही. पेल्झोमला तो आपलाच आवाज पुढे कित्येकदा ऐकू यायचा, आणि दर वेळी स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटायचं.

एक दगड मात्र होता. धोन्यो आणि खिमुलीचा नवरा व्यापारातले सोबती झाले तेव्हा त्यांनी रिवाजाप्रमाणे नदीतला एक चपटा दगड फोडून अर्धा-अर्धा घेतला होता. पलीकडून कुणीही येवो, ओळखीचा असो नसो, त्याच्या हातातला तुकडा आपल्या तुकड्याला बसला की तो घरचा. आमच्याकडे म्हणतात, जोड जुळली तर घर, नाही जुळली तर चहा. मधल्या वर्षांत, नव्या राजवटीत, जुन्या वस्तू घरात ठेवायची चोरी झाली, तेव्हा पेल्झोमनं तो दगड उघड्यावर, दह्याच्या मडक्याच्या झाकणावर ठेवून दिला. दगडाला कोण विचारतो?

नंतर खिंडीतून यात्रेकरू येऊ लागले, मानसरोवराला जाणारे. पेल्झोम प्रत्येक जथ्याला गाठून विचारायची, "गर्ब्यांग? खिमुली?" दूरदूरच्या शहरांतली ती माणसं, त्यांना काय कळणार? भिकारीण समजून ते तिच्या हातावर गोड गोळ्या ठेवत. गोळ्या सांगमो खायची.

आणि मग एका उन्हाळ्यात व्यापाराला परवानगी मिळाली. खेचरांच्या घंटा ऐकून पेल्झोम भिंतींपाशी जाऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशी चाळिशीचा एक माणूस धोन्योचं घर विचारत आला. त्याची भोट, म्हणजे तिबेटी, बोली ऐकून बाजार हसला. बापाकडून शिकलेली, अगदी पणजोबांच्या काळातली.

"मी पुष्करसिंग. खिमुलीचा धाकटा," तो म्हणाला. "खिंड बंद झाली तेव्हा दहा वर्षांचा होतो. इकडे कधी आलो नव्हतो."

पेल्झोमनं धावत जाऊन दगड आणला, दही पुसलं. त्यानं लाल फडक्यातून आपला तुकडा काढला. एका अंगाला तो चपखल बसला. दुसऱ्या अंगाला चार बोटं फट राहिली. तिनं फिरवून पाहिला, उलटा करून पाहिला. फट तेवढीच.

"चहा," सांगमोनं निकाल दिला. "याला चहाच."

रिवाज तो रिवाज. पुष्करला उंबऱ्याबाहेर बसवून पेल्झोमनं लोणी घातलेला चहा दिला. मग विचारलं, "बाकीचा दगड कुठाय?"

त्यानं वाटी खाली ठेवली आणि थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाला, "वाटणी झाली, आचे. घराची, शेताची, मेंढ्यांची. दादा म्हणाला, व्यापार दोघांचा, मग मैत्रीही दोघांची."

"आणि दगड फोडलात?"

"दादानं धरला. मी फोडला."

"वा!" सांगमो म्हणाली. "एवढ्या एका कामाला भावांचं एकमत झालं म्हणायचं."

पेल्झोम हसली नाही. तीस वर्षं विचारायचा होता तो प्रश्न तिनं आता विचारला. "खिमुली आहे ना?"

"आहे. दादाकडे. वाटणीत ती तिकडे गेली. नऊ वर्षं मी त्या अंगणात पाय ठेवला नाही. पण चैतापर्यंत बरी होती, असं लोकांकडून कळतं."

"आई तुझी, आणि लोकांकडून कळतं?" पेल्झोम ताडकन उठली. पुष्करला वाटलं, आता चहाची वाटीही जाते. तिनं त्याची बाही धरली आणि त्याला ओढत त्या चार भिंतींपाशी नेलं. माती अजून ओलसर होती. "माझ्या घरात तुला जागा नाही. जोड जुळली नाही. पण हे घर तुमचंच आहे. इथे दगड लागत नाही. हा बघ, तुझ्या बापाच्या तंबूच्या खांबाचा खळगा."

पुष्करनं भिंतीवरून हात फिरवला. तिथे पेल्झोमच्या बोटांचे वळ होते. "कुणी राखलं हे?" त्यानं विचारलं. मग त्या वळांवरून त्याची नजर तिच्या बोटांकडे गेली.

उन्हाळाभर तो तिथेच राहिला. जव कापून झाले, खेचरं लादली, तेव्हा पेल्झोमनं दह्याच्या मडक्यावरचा दगड उचलून त्याच्या हातात ठेवला. बाजार बघत राहिला. आपला अर्धा दगड आजवर कुणी कुणाला दिला नव्हता.

"माझे गुडघे खिंड चढणार नाहीत आणि कागदपत्रं मला कोण देणार? हा घेऊन जा. दादाच्या अंगणात जा, तिन्ही तुकडे आईच्या मांडीवर जुळवा आणि तिला सांग, पेल्झोम म्हणाली, तुझ्या दुधावर जगले. सांगायचं राहिलं होतं."

"आणि तो आलाच नाही तर?" तो गेल्यावर सांगमो कपाळाला हात लावून म्हणाली. "उद्या खरा कुणी आला तर तू कशानं ओळखणार?"

पेल्झोम दह्याच्या मडक्याकडे वळली. हिवाळाभर तिनं झाकणावर दुसरे दगड ठेवून पाहिले. एकही नीट बसला नाही, मांजरानं दोनदा दही खाल्लं. सगळ्यात वाईट म्हणजे खिमुली सत्त्याहत्तरची होती आणि नऊ वर्षं न ओलांडलेलं अंगण आपण एका तापट माणसाला ओलांडायला सांगितलं होतं.

बर्फ वितळलं. तिनं भिंती लिंपल्या. खेचरं आली. पुष्कर पुढे, आणि मागून लंगडत एक पिकल्या मिशांचा माणूस. त्याचे पुढे आलेले कान बघताच पेल्झोम ओरडली, "धनिया! एवढा म्हातारा कधी झालास?"

"तुझ्याहून एकच महिना मोठा आहे," धनसिंग म्हणाला. "आणि एक सांगून ठेवतो, माझं अर्धं दूध तू प्यायलीस म्हणूनच मी लंगडतो."

त्यानं फडकं सोडलं. आत दोन तुकडे होते, भावांचे. पेल्झोमचा नव्हता. तिचं तोंड उतरलं.

"तुझा आईनं ठेवून घेतला," धनसिंग म्हणाला. "देतच नाही. तिन्ही तुकडे मांडीवर जुळवले तेव्हा आधी आम्हा दोघांना एकेक ठेवून दिली. मग म्हणाली, यांचे तुकडे पेल्झोमकडे टाका, हे पुन्हा फोडतील. आणि तिला सांगा, दह्याचा वास अजून येतोय दगडाला, शहाणीच आहे."

"पण जोड कशाला लावून बघणार?" सांगमोला राहवेना. "हिचा अर्धा तर तिकडे!"

"तेही म्हणाली," पुष्कर म्हणाला. "लेकीच्या घरी यायला दगड लागत नाही."

पेल्झोमनं दार सताड उघडलं. तिनं दोघांना उंबऱ्याच्या आत घेतलं, दोन्ही तुकडे झाकणावर शेजारी शेजारी ठेवले. मधे भेग दिसत होती, पण झाकण हललं नाही.

त्या वर्षी कापणीनंतर भाऊ निघाले तेव्हा पेल्झोम लोकरच रंगवत होती. धनसिंगनं बाहेरून हाक मारली. ती तशीच धावत आली, कोपरापर्यंत लाल, आणि तिनं त्याला कवटाळलं. त्याच्या पांढऱ्या कोटाच्या पाठीवर दोन्ही हात उमटले.

"अरे देवा, माझा कोट!"

"धुवू नकोस," ती म्हणाली. "आईला दाखव. म्हणावं, या खेपेला बाहेर आले होते."